लाकडाच्या शेगडीचे तापमान : मोजमापाच्या पद्धती आणि त्यांचा अर्थ

उत्तर अमेरिका, स्कँडिनेव्हिया, ब्रिटन, न्यूझीलंड अशा थंड प्रदेशांतील असंख्य घरांत हिवाळ्यातील ऊब आजही लाकूड जाळून मिळवली जाते. हे लाकूड उघड्या अग्निकुंडात जळत नाही, तर बिडाच्या किंवा जाड पोलादी पत्र्याच्या बंदिस्त शेगडीत जळते; तिला हवा आत घेण्यासाठी झडपा असतात, समोर उष्णतारोधक काचेचे दार असते आणि धूर वाहून नेणारी नळी छतापार जाणाऱ्या धुराड्याला जोडलेली असते. अशा शेगडीत जाळ किती तापमानाला चालला आहे हे कळण्याची गरज दोन परस्परविरोधी धोक्यांतून निर्माण होते. जाळ फार तापला तर शेगडीचे भाग वाकतात, तडकतात आणि जवळच्या लाकडी भिंतींना आग लागण्याची शक्यता वाढते. जाळ फार थंड राहिला तर धुरातील न जळलेली द्रव्ये धुराड्याच्या आतील भिंतीवर साचतात आणि पुढे कधीतरी तीच पेट घेतात. पहिला धोका डोळ्यांना दिसतो व धगीने जाणवतो, दुसरा आठवडेच्या आठवडे गुपचूप वाढत जातो. म्हणूनच तापमापकाचा खरा उपयोग दुसऱ्या धोक्याची वेळीच जाणीव करून देण्यात आहे.

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी लाकूड जळते म्हणजे काय होते ते पाहणे आवश्यक आहे. लाकूड तापू लागले की आधी त्यातील पाण्याची वाफ होते. त्यानंतर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे औष्णिक अपघटन सुरू होते, म्हणजे उष्णतेमुळे त्याचे मोठे रेणू तुटून ज्वलनशील वायू व डांबरी बाष्प बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो आणि उरलेला कोळसा निखारे होऊन सावकाश जळतो. आपल्याला दिसणारी ज्योत मुख्यतः या वायूंचीच असते. हे वायू पूर्णपणे जळण्यासाठी पुरेशी हवा, हवेशी नीट मिसळण्याइतका अवकाश आणि सुमारे ६०० अंशांच्या आसपासचे तापमान या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. यांपैकी एक जरी कमी पडली, तरी लाकडातील ऊर्जेचा मोठा वाटा घर न उबवता धूर होऊन निघून जातो. आधुनिक शेगड्यांत वरच्या बाजूला बारीक छिद्रांच्या नळ्यांमधून तापलेली हवा सोडून या वायूंना पुन्हा पेटवतात, त्याला दुय्यम ज्वलन म्हणतात.

न जळता सुटलेले डांबरी बाष्प आणि पाण्याची वाफ धुराड्यातून वर जाताना निवत जाते, आणि धुराड्याची भिंत साधारण १२० अंशांखाली असेल तर ते भिंतीवर द्रवरूप होऊन चिकटते. या चिकट, काळ्या, वाळल्यावर कडक होणाऱ्या थराला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो भुसभुशीत काजळीसारखा असतो आणि ब्रशने झडतो. थंड जाळ वारंवार होत राहिला तर त्याचे खपले होतात. आणि शेवटी त्याचा काचेसारखा तुळतुळीत थर बनतो, जो साध्या ब्रशाला दाद देत नाही. महाराष्ट्रातील जुन्या घरांतील पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची मधली नळी ज्यांनी साफ केली आहे, त्यांना या थराची प्रकृती ठाऊक असेल. पाण्याने वेढलेल्या त्या नळीची भिंत शंभर अंशांपलीकडे फारशी तापूच शकत नाही, त्यामुळे धुरातील द्रव्ये तिच्यावर बसणारच. क्रिओसोटने पेट घेतला की धुराड्यातील तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतील यूएल १०३ एचटी या मानकानुसार धातूच्या धुराड्याला सुमारे ५४० अंशांचा धूर सतत सोसावा लागतो आणि सुमारे ११५० अंशांचा मारा दहा-दहा मिनिटे तीन वेळा सोसून दाखवावा लागतो, तो याच अनुभवामुळे. विटांच्या जुन्या, अस्तर नसलेल्या धुराड्यांची अशी कोणतीही परीक्षा झालेली नसते.

धुराड्यातील उष्णतेचे दुसरे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. धुराडे धूर ओढून घेते ते आतील गरम वायू बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका असल्यामुळे, आणि या ओढीचे बळ धुराड्याच्या उंचीवर व दोन्हींकडील तापमानांच्या फरकावर ठरते. पाच मीटर उंचीच्या धुराड्यात वायूचे सरासरी तापमान २०० अंश आणि बाहेरची हवा शून्य अंश असेल, तर घर्षण वगळून ओढ सुमारे २७ पास्कल येते. तेच तापमान १०० अंशांवर उतरले तर ती १७ पास्कलांवर येते, आणि बाहेर २० अंशांची सौम्य हवा असेल तर १३ पास्कलांच्याही खाली जाते. युरोपीय चाचण्यांमध्ये अशा शेगड्या साधारणतः १२ पास्कल ओढीवर तपासल्या जातात हे लक्षात घेतले, म्हणजे शरद ऋतूतील ऊबदार संध्याकाळी मंद जाळ घातलेली शेगडी खोलीत धूर का सोडते ते समजते. सर्व उष्णता घरातच ठेवावी आणि धुराड्यातून काहीच जाऊ देऊ नये, ही काटकसरीची इच्छा कितीही स्वाभाविक असली तरी लाकडाच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण धुराड्याला आपला वाटा मिळाला नाही तर शेगडी चालतच नाही.

प्रत्यक्ष मोजमापाकडे वळल्यावर पहिला प्रश्न येतो तो तापमान कोठे मोजायचे हा, आणि बहुतेक गोंधळ येथेच सुरू होतो. सर्वांत स्वस्त व प्रचलित साधन म्हणजे नळीच्या बाहेरून लोहचुंबकाने चिकटवायचा गोल तबकडीचा तापमापक. त्याच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळी असते; दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्याने गुंडाळी उलगडते किंवा आवळते व काटा फिरतो. हेच तत्त्व जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात आपल्या सागरी घड्याळात तापमानाचा परिणाम निवारण्यासाठी वापरले होते. शेगडीच्या वर सुमारे ४५ सेंटिमीटरवर एकेरी भिंतीच्या नळीला हा तापमापक लावला, तर त्यावर साधारण ११५ ते २४५ अंश हा पट्टा योग्य म्हणून दाखवलेला असतो, त्याखालचा पट्टा क्रिओसोटचा आणि वरचा अतितापाचा. मात्र तो नळीच्या पत्र्याचे तापमान सांगतो, आतील वायूचे नव्हे. आतील वायू पृष्ठभागाच्या आकड्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट तापलेला असतो. हा फरक लक्षात न घेता एकाने पत्र्याचा आणि दुसऱ्याने वायूचा आकडा सांगितला, तर दोन शेगड्यांची तुलना पूर्णपणे फसवी होते.

दुहेरी भिंतीची नळी असेल तर हा चुंबकी तापमापक जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण दोन पत्र्यांमधल्या हवेच्या पोकळीमुळे बाहेरचा पत्रा मुद्दामच थंड राखलेला असतो. नवख्या माणसाला त्यावर सतत थंडीचा इशारा दिसतो, तो आणखी हवा सोडतो आणि शेगडी अतिताप होईपर्यंत पेटवत राहतो. अशा नळीला छिद्र पाडून आत सळई घालणारा तापमापक लागतो. त्यावर योग्य पट्टा साधारण २०० ते ४८० अंशांचा असतो, आणि हा आकडा थेट वायूचा असल्याने तो पत्र्याच्या आकड्यापेक्षा खूप लवकर बदलतो. अधिक अचूकता हवी असेल तर थर्मोकपल वापरतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे एक टोक जोडून तापवले की त्यांत अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो, हे थॉमस सेबेक याने १८२१ मध्ये दाखवलेले तत्त्व त्यामागे आहे. निकेलच्या मिश्रधातूंचे ‘के’ जातीचे थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते, हजार अंशांच्या पुढेही टिकते, आणि त्याला ठरावीक तापमानाला वाजणारी घंटा जोडता येते. घंटेची ही सोय फार मोलाची आहे. दार किलकिले ठेवून जाळ धरू दिलेला असताना घरातील माणूस दुसऱ्या कामात गुंतणे हे अतितापाचे अगदी नेहमीचे कारण आहे.

लांबून रोखायचा अवरक्त तापमापक अनेकांना सर्वांत आधुनिक वाटतो, पण त्याच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. तो पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणावरून तापमान काढतो आणि त्यासाठी त्या पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या मानाने तो किती प्रारण सोडतो ते प्रमाण, बहुधा ०.९५ गृहीत धरतो. काळ्या निस्तेज रंगाच्या बिडावर हे गृहीत बऱ्यापैकी खरे ठरते. चकचकीत पोलाद किंवा निकेलच्या मुलाम्यावर मात्र तो खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवतो. दाराच्या काचेवर रोखल्यास तो काचेचे तापमान सांगतो, आतील जाळाचे नव्हे, कारण ज्या लांबीच्या तरंगांवर तो काम करतो त्यांना काच पारदर्शक नसते. शेगडीच्या वेगवेगळ्या भागांतील फरक शोधण्यासाठी किंवा मागच्या लाकडी भिंतीची तपासणी करण्यासाठी हे साधन उत्तम आहे; रोजच्या नियंत्रणासाठी नाही.

शेगडीच्या माथ्यावर ठेवलेला तापमापक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तो घराला किती उष्णता मिळते आहे आणि धातूवर किती ताण आहे ते सांगतो. अनेक पोलादी व बिडाच्या शेगड्यांच्या माथ्यावर २०० ते ३४० अंश हा नेहमीचा पट्टा असतो आणि ३७० ते ४०० अंशांच्या पुढे अतिताप मानला जातो, पण याबाबत उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानला पाहिजे. प्रारणाने मिळणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २० अंशांच्या खोलीत शेगडीचा पृष्ठभाग २५० वरून ३५० अंशांवर गेला तर प्रारणाची उष्णता दुपटीहून थोडी अधिक होते. मधल्या पट्ट्यातील शंभर अंशांचा फरक लहान नसतो, आणि वरच्या टोकाला तो समोरच्या फर्निचरच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकतो. अमेरिकेच्या एनएफपीए २११ या मानकात चाचणीप्रमाणित नसलेल्या शेगडीपासून ज्वलनशील भिंतीपर्यंत ३६ इंच अंतर सांगितले आहे ते यामुळेच. आणि सतत तापत राहिलेले लाकूड कालांतराने नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेटू शकते, हे त्या अंतरामागचे आणखी एक गंभीर कारण आहे.

काही जण धातू लाल दिसेपर्यंत काळजीचे कारण नाही असे मानतात. हा समज सोडून द्यायला हवा. जॉन विल्यम ड्रेपर याने १८४७ मध्ये दाखवल्याप्रमाणे घन पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतो तो सुमारे ५२५ अंशांना. दिव्यांच्या उजेडात ती लाली दिसते तेव्हा तापमान त्याहूनही वर गेलेले असते. तोपर्यंत माथ्याचा पत्रा वाकलेला, आतील हवेच्या नळ्या लोंबकळलेल्या किंवा बिडाच्या सांध्यांतील लुकण फुटलेले असू शकते.

नळीचा आणि माथ्याचा असे दोन्ही तापमापक असले तरी त्यांचे आकडे एका क्षणापुरते वाचून अर्थ लागत नाही. जाळाच्या संपूर्ण फेरीत ते कसे चढतात व उतरतात ते पाहावे लागते. जाळ धरताना नळीचे तापमान काही मिनिटांत चढते, पण शेकडो किलो वजनाची शेगडी मागे रेंगाळते, आणि संगजिऱ्याच्या दगडाची असेल तर तिला तापायला तासाहूनही अधिक वेळ लागू शकतो. या टप्प्यात माथ्याचा आकडा पाहून हवा वाढवत राहणे चुकीचे आहे, कारण धुराडे तोपर्यंत अतितापाकडे गेलेले असते. जाळ स्थिरावल्यावर झडप थोडी थोडी बंद करत नेली की नळीचे तापमान उतरते आणि माथ्याचे चढते. दोन काट्यांचा हा उलटा प्रवास म्हणजे शेगडी नीट चालल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे. शेवटी निखाऱ्यांचा टप्पा येतो आणि नळी पुन्हा १०० अंशांच्या जवळ उतरते. काटा क्रिओसोटच्या पट्ट्यात जातो, पण लाकडातील वायू आधीच निघून गेलेले असल्याने धुराड्यात साचण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तोच आकडा ओंडका नुकताच घातल्यानंतर अर्ध्या तासाने दिसला, तर मात्र तो खराखुरा इशारा असतो. निखाऱ्यांच्या टप्प्यात धोका वेगळा असतो: त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि ऊब टिकवण्यासाठी झडप पूर्ण बंद केली व धुराड्याची ओढ संपली तर तो खोलीत उतरू शकतो. हा वायू कोणत्याही तापमापकाला कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र इशारायंत्र लावणे अनिवार्य मानले पाहिजे.

उत्प्रेरक असलेल्या शेगड्यांत तापमापकाचे स्थान आणखी मध्यवर्ती होते. त्यांत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो, आणि त्याच्या सान्निध्यात धुरातील वायू नेहमीपेक्षा खूपच कमी तापमानाला जळतात. पण हा उत्प्रेरक स्वतः सुमारे २६० अंशांपर्यंत तापल्याशिवाय जागा होत नाही. त्याआधी धूर त्याच्याकडे वळवला तर जाळी काजळीने भरते, आणि कित्येक तास ९०० अंशांच्या वर ठेवला तर त्याचा थर निकामी होऊ लागतो. म्हणून अशा शेगडीत तापमापक बहुधा कारखान्यातूनच बसवून येतो. जुन्या पद्धतीच्या शेगडीत तो सल्लागार असतो, येथे तो नसेल तर शेगडी योग्य रीतीने चालवताच येत नाही.

कोणतेही मोजमाप ओल्या लाकडाची उणीव भरून काढू शकत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते; फाळून, छपराखाली वाऱ्यावर एक-दोन उन्हाळे ठेवल्यावर ते २० टक्क्यांखाली येते. दहा किलो लाकडात ४ किलो पाणी असेल तर त्याची वाफ करण्यात सुमारे १० मेगाज्यूल उष्णता जाते, म्हणजे लाकडातील एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहूनही थोडी कमी. नुकसान एवढेच असते तर ते सोसता आले असते. पण ही उष्णता जाळाच्या ऐन गाभ्यातून काढून घेतली जात असल्याने वायू पेटण्याचे तापमानच गाठले जात नाही आणि त्यांतील ऊर्जा धुराड्यात जाऊन बसते. लाकडातील ओल मोजणाऱ्या दोन टोकांच्या मीटरबाबत एक गफलत सर्रास होते. असे अनेक मीटर पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, तर नियमांमधील २० टक्के हा आकडा ओल्या लाकडाच्या एकूण वजनावर असतो. पहिल्या पद्धतीचे २५ टक्के म्हणजेच दुसऱ्या पद्धतीचे २० टक्के. शिवाय मोजणी ओंडका नव्याने फाळून आतील बाजूवर करावी लागते, कारण बाहेरची साल केव्हाच वाळलेली असते. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळणाच्या लाकडातील ओलाव्यावर २० टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली, आणि या क्षेत्रातील नियमांमध्ये तिचा समावेश सर्वांत शहाण्या नियमांत करावा लागेल.

शेगड्यांच्या बांधणीवरील नियमांचा इतिहास मात्र तितका समाधानकारक नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत हवाबंद शेगड्यांची लाट आली. रात्रभर ऊब टिकावी म्हणून लोक त्यांच्या झडपा बंद करून ठेवत, आणि थंड, धुरकट जाळामुळे धुराड्यांतील आगींचा प्रश्न तीव्र झाला. ऑरेगन राज्याने १९८० च्या दशकात धुराच्या मर्यादा आणल्या, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये देशभर नियम लागू केले, आणि २०२० पासून शेगडीला तासाला २ ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा, किंवा खऱ्या फाळलेल्या लाकडावर चाचणी केल्यास अडीच ग्रॅमची, पाळावी लागते. युरोपीय संघात ‘इकोडिझाइन’ नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. परंतु या सर्व मर्यादा प्रयोगशाळेत, ठरावीक लाकडावर, जाणकारांच्या हातून झालेल्या चाचण्यांवर बेतलेल्या आहेत. अमेरिकेच्या त्याच संस्थेच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की शेगड्या योग्य रीतीने तपासल्या व प्रमाणित केल्या जातात याची पुरेशी खात्री हा कार्यक्रम देत नाही. प्रमाणपत्र मिळालेली शेगडीही ओले लाकूड व बंद झडप यांच्या जोडीने जुन्या शेगडीसारखीच धूर सोडू शकते. त्यामुळे वापरणाऱ्याच्या हातात तापमापक असणे हे नियमांना पूरक नव्हे, तर त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हे काम माणसावर न सोपवता शेगडीवरच सोपवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. अमेरिकेतील व्हर्माँट कास्टिंग्ज या कंपनीच्या १९७५ च्या काळातील शेगड्यांत दोन धातूंच्या जोडपट्टीच्या गुंडाळीने हवेची झडप आपोआप कमीजास्त होत असे. डेन्मार्कच्या ह्वाम कंपनीने तापमान व धुरातील ऑक्सिजन मोजून झडपा हलवणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत बाजारात आणली. अशा यंत्रणा झडप विसरण्याची चूक खरोखर कमी करतात, तरी ओल्या लाकडापुढे त्याही हतबल असतात.

महाराष्ट्रात घर उबवण्याची शेगडी नाही, स्वयंपाकाची चूल आहे, आणि तिचा प्रश्न मुळात वेगळा आहे. १९८३-८४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात भर होता तो इंधनाची बचत आणि घरातील धूर कमी करण्यावर. पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आरती, हिनेही याच अंगाने चुलींवर दीर्घकाळ काम केले. पण धुराड्याच्या चुली अनेक घरांत टिकल्या नाहीत त्यामागे धुराड्याची सफाई न होणे हेही एक कारण होते, आणि काजळीने भरलेल्या थंड धुराड्याचे भौतिकशास्त्र व्हर्माँटमध्ये आणि वाईत सारखेच आहे. चुलीच्या कार्यक्षमतेबरोबर धुराड्याच्या तापमानाची मोजणी हाही पाहणीचा नेहमीचा भाग असायला हवा होता.

कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेच्या अन्य थंड भागांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हा प्रश्न थेट भेडसावतो, कारण जुन्या घरासोबत शेगडीही पदरात पडते आणि कॅनडात विमा कंपन्या बऱ्याचदा ‘वेट’ या संस्थेच्या प्रशिक्षित तपासनीसाचा अहवाल मागतात. अशा कुटुंबांनी पहिल्या जाळाआधी धुराडे तपासून व साफ करून घ्यावे, वर्षातून एकदा ही तपासणी चुकवू नये, नळी एकेरी आहे की दुहेरी ते पाहून त्यानुसार तापमापक घ्यावा, शेगडीच्या पुस्तिकेतील अतितापाचा आकडा कागदावर लिहून जवळ लावून ठेवावा आणि लाकूड फाळून आतून मोजावे. धुराड्यात आगगाडीसारखा घोंघाट ऐकू आला तर दार व झडपा बंद करून सर्वांनी घराबाहेर पडावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे; जाळावर पाणी ओतू नये, आणि तपासनीसाने धुराडे सुस्थितीत असल्याचे सांगेपर्यंत शेगडी पुन्हा पेटवू नये.